बाइंडरचा पोऱ्या आणि सिल्वासाचा धागा

शिवणाच्या डब्यातला हातभर दोरा घ्या. एक टोक दाराच्या कडीला बांधा, दुसरं डाव्या हातात ताणून धरा आणि उजव्या हाताच्या चिमटीत दोरा मधोमध पकडून चोळत राहा. चिमटीच्या एका अंगाला पीळ उजवा चढेल, दुसऱ्या अंगाला डावा. आता चिमूट सोडा. दोन्ही पीळ एकमेकांना खाऊन टाकतात आणि दोरा होता तसा सरळ होतो. जमा तेवढंच वजा, हाती शून्य.

या शून्यावर सिल्वासात कितीतरी घरांची चूल पेटते.

पॉलिएस्टरचा धागा पहिल्यांदा तयार होतो तेव्हा गुळगुळीत आणि सपाट असतो. कारखान्यात त्याला पीओवाय म्हणतात. त्याचं तसंच कापड विणलं तर ते अंगाला प्लास्टिकच्या कागदासारखं लागेल. लोकरीसारखा, सुतासारखा फुगीरपणा यावा म्हणून त्याचं टेक्स्चरायझिंग करतात. धागा आधी दोनशे अंशांच्या आसपास तापलेल्या हीटरवरून जातो, मग निवतो आणि मग एकमेकींत गुंतलेल्या, गरगरणाऱ्या चकत्यांमधून निघतो. या चकत्या म्हणजे तुमची चिमूट. त्यांनी दिलेला पीळ मागे मागे चढत थेट हीटरपर्यंत पोचतो. तिथे धाग्याचे रेणू उष्णतेने सैल झालेले असतात. ते पिळलेले असतानाच निवतात आणि तो पीळ त्यांच्या अंगवळणी पडतो. चकत्या ओलांडल्या की उलटा पीळ बसून सगळं उलगडतं. बाहेर आलेल्या धाग्यात एकही पीळ शिल्लक नसतो, फक्त पिळाची आठवण असते. सैल सोडलात की तो आपोआप कुरळा होतो.

हे किती वेगाने चालतं याची आकडेमोड मी कागदावर केली आणि चूक झाली असेल म्हणून पुन्हा केली. धागा मिनिटाला ७०० मीटर धावतो असं धरू, म्हणजे ताशी ४२ किलोमीटर. बारीक धाग्याला मीटरमागे साधारण ३,००० पीळ लागतात. गुणाकार करा : मिनिटाला २१ लाख, सेकंदाला ३५,००० गिरक्या. दातांच्या डॉक्टरकडचं ते किंचाळणारं ड्रिल मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेतं. धागा त्याच्या पाचपट फिरतो. चकत्या मात्र मिनिटाला सहा-सात हजार फेऱ्यांच्या पुढे फारशा जात नाहीत. मग एवढा वेग येतो कुठून? पन्नासएक मिलिमीटरची चकती केसासारख्या धाग्याला घासून लोळवते, तेव्हा चकतीच्या एका फेऱ्यात धाग्याच्या शेकडो गिरक्या होतात. कुठलीही मोटर सरळ जोडून हा वेग गाठता आला नसता. मोठ्या चाकाने छोटी काडी लोळवायची ही अगदी गावठी युक्ती तो गाठून देते.

धाग्याची जाडी मोजतात डेनियरमध्ये. नऊ किलोमीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. १५० डेनियरचा धागा वापी स्टेशनापासून सिल्वासापर्यंत, म्हणजे अठराएक किलोमीटर, अंथरला तर त्याचं वजन भरेल ३०० ग्रॅम. पाव किलो साखरेच्या पुडीहून थोडं जास्त. अशा धाग्याचे ट्रकच्या ट्रक या रस्त्याने जातात. त्यातला एक ट्रक उलगडला तर काय होईल हा हिशेब मी मुलांवर सोडतो.

सिल्वासा, तिथल्या बोलण्यात सेलवास, हे दादरा आणि नगर हवेलीचं मुख्य गाव. एका बाजूला गुजरात, दुसऱ्या बाजूला आपले पालघर आणि नाशिक जिल्हे. नाशिकच्या डोंगरात उगम पावलेली दमणगंगा मधुबन धरणात थबकते आणि सिल्वासाच्या कडेने दमणला समुद्राकडे जाते. प्रदेश सगळा मिळून ४९१ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ३,४३,७०९, त्यातली निम्म्याहून अधिक आदिवासी : वारली, धोडिया, कोकणा, काथोडी. मराठी माणसाचं या भागाशी नातं थोडं अवघडलेलं आहे. मराठ्यांच्या आरमाराने १७७२ मध्ये पोर्तुगीजांच्या सांताना जहाजाचं नुकसान केलं. १७७९ च्या तहात पेशव्यांनी त्याची भरपाई कबूल केली आणि १७८३ मध्ये नगर हवेली पोर्तुगीजांच्या हाती गेली. एका जहाजापायी दिलेला मुलूख सोडवायला १९५४ मध्ये पुन्हा मराठी माणसंच गेली. त्यांत सुधीर फडके होते, बाबासाहेब पुरंदरे होते. २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झालं. पुढची सात वर्षं कारभार स्थानिक वरिष्ठ पंचायतीकडे होता आणि ११ ऑगस्ट १९६१ रोजी हा प्रदेश भारतात आला. पुढे करसवलती आल्या, त्यांच्या मागोमाग कारखाने आले. भाताच्या खाचरांशेजारी पिपरिया, मसाट, खडोली इथे पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या.

या शेडच्या आत काय चालतं? मघाशी धागा पाहिला. आता चिंचपाड्याला चला. तिथे तांबं शुद्ध करतात. अशुद्ध तांब्याची जाड पाटी एका बाजूला, समोर पातळ पत्रा, मध्ये मोरचूद आणि गंधकाम्लाचं द्रावण. वीज सोडली की पाटीतलं तांबं अणू-अणूने सुटतं, द्रावणातून चालत जातं आणि समोरच्या पत्र्यावर बसतं. बाकीची घाण मागे राहते. तयार होणारं तांबं ९९.९९ टक्के शुद्ध. आणि त्यासाठी लागणारा विजेचा दाब? टॉर्चच्या एका सेलच्या दीड व्होल्टपेक्षाही पुष्कळ कमी. जोर लागतो तो प्रवाहाचा : एक अँपिअर प्रवाह एक तास वाहिला की पत्र्यावर सुमारे १.१९ ग्रॅम तांबं जमतं, ना कमी ना जास्त. टनावारी तांब्यासाठी हजारो अँपिअर. तळाशी जो काळा गाळ साचतो त्याच्याकडे नाक मुरडून पाहू नका. मूळ तांब्यात लपलेलं सोनं आणि चांदी त्यातच उतरते.

मधुबन धरणाच्या रस्त्यावर रखोली लागतं. तिथे स्टरलाइट टेक्नॉलॉजीजचा ऑप्टिकल फायबर केबलचा कारखाना आहे. काचेचा तंतू बनतो आपल्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज-शेंद्र्याकडे, त्याची केबल गुंफली जाते इकडे. तंतूची जाडी मिलिमीटरचा आठवा भाग. त्यातही प्रकाश धावतो तो गाभा सुमारे नऊ मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या आठव्या-दहाव्या हिश्शाएवढा. ही काच इतकी नितळ असते की प्रकाश पंधरा किलोमीटर गेला तरी निम्मा शिल्लक राहतो. खिडकीची काच पंधरा किलोमीटर जाड केली तर पलीकडे मिट्ट काळोख. तंतू ओळखू यावेत म्हणून त्यांना बारा रंग देतात : निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी या क्रमाने. हे काम करणाऱ्याचा डोळा रंगांना पक्का हवा. (लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले आणि रंगांधळेपणामुळे त्यांना ते सोडावं लागलं. मग ते यांत्रिक रेखाकलेकडे वळले आणि महाराष्ट्राला लोखंडी नांगर मिळाला. एक दार बंद झाल्याचं असं भाग्य सगळ्यांना लाभत नाही, हेही खरं.)

या तंतूतून प्रकाश बाहेर का सांडत नाही, हे दहावीच्या पुस्तकात आहे : पूर्ण आंतरिक परावर्तन. इथे एक गंमत सांगायलाच हवी. सिल्वासाच्या परिसरात मराठी माध्यमाच्या शाळा आहेत, गुजराती आहेत, हिंदी आणि इंग्रजीही आहेत. मराठी पुस्तकातलं 'अपवर्तन' गुजरातीत 'वक्रीभवन' होतं. आपल्याकडचे जुने शिक्षकही वक्रीभवनच म्हणत. पण 'पूर्ण आंतरिक परावर्तन' दोन्ही भाषांत जसंच्या तसं. घरी वारली किंवा कोकणा बोलणाऱ्या मुलाला हे सगळे शब्द तितकेच परके, म्हणजे शाळेत शिरताना सगळ्यांना समान अंतर! परावर्तनाचा तो शब्द तोंडपाठ करणाऱ्या मुलाच्या घरापासून तीन-चार किलोमीटरवर त्याच शब्दाच्या मैलोन्‌मैल लांब केबली रिळांवर गुंडाळल्या जात असतात. पुस्तकातलं आणि कंपाउंडच्या भिंतीआडचं एकच आहे, असं त्याला कुणी सांगतं का, हा माझा प्रश्न आहे.

मला स्वतःला हे कोडं उलगडलं ते भलत्याच वाटेने. धागा, तांबं आणि काच या तिघांचा एकमेकांशी काय संबंध, म्हणून मी मागे मागे जात राहिलो आणि तिन्ही वाटा लंडनमधल्या एका पुस्तकबांधणीच्या दुकानात जाऊन थांबल्या.

त्या दुकानात १८०५ मध्ये एक चौदा वर्षांचा मुलगा उमेदवारीला लागला. बाप लोहार. शाळा म्हणजे लिहिणं-वाचणं आणि जुजबी हिशेब. आधी वर्षभर त्याने मालकाच्या दुकानाची वर्तमानपत्रं घरोघर पोचवली होती. नाव मायकेल फॅरडे. सात वर्षं त्याने पुस्तकं शिवली, खळ लावली, पाठी चिकटवल्या आणि बांधायला आलेली पुस्तकं रात्री वाचली. विश्वकोशातली विजेवरची नोंद त्याने अशीच वाचली. जेन मार्सेट या बाईंनी संवादांच्या रूपात लिहिलेलं रसायनशास्त्राचं पुस्तकही असंच हाती आलं. १८१२ मध्ये दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या हम्फ्री डेव्हीच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. चार व्याख्यानं. त्याने टिपणं घेतली, आकृत्या काढल्या, तीनशे पानं भरली. आणि मग त्याने जे केलं ते फक्त बाइंडरच करू शकला असता : ती पानं स्वतः सुरेख बांधून डेव्हीला पाठवून दिली. १८१३ च्या मार्चमध्ये तो तिथे प्रयोगशाळेचा मदतनीस झाला. बाटल्या धुणं, उपकरणं मांडणं हेच काम.

त्या मदतनिसाने १८२५ मध्ये दिव्याच्या वायूच्या टाक्यांत उरणाऱ्या तेलातून एक द्रव वेगळा काढला. तोच पुढे बेंझीन म्हणून ओळखला गेला. त्याचं सहा कार्बनांचं कडं पॉलिएस्टरच्या प्रत्येक रेणूच्या कण्यात ओवलेलं असतं. पॉलिएस्टरचा धागा विनफील्ड आणि डिक्सन यांनी इंग्लंडमध्ये १९४१ साली काढला, पण कडं फॅरडेच्या बाटलीतलं. १८३३-३४ मध्ये त्यानेच सिद्ध केलं की जितकी वीज वाहेल तितकाच धातू बसेल. चिंचपाड्याचा तो १.१९ ग्रॅमचा हिशेब त्याचाच. अॅनोड, कॅथोड, आयन हे शब्द त्याने एका विद्वान मित्राच्या मदतीने घडवून वापरात आणले. आज रात्रपाळीचा कामगार 'कॅथोड काढायचे झाले' असं म्हणतो तेव्हा तो दोनशे वर्षांपूर्वीच्या एका उमेदवाराची बोली बोलत असतो. चकत्या फिरवणाऱ्या मोटरचं आणि कारखान्याला वीज पुरवणाऱ्या जनित्राचं तत्त्वही त्याचंच, अनुक्रमे १८२१ आणि १८३१.

आणि काच? १८५४ मध्ये त्याच रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन टिंडल याने टाकीच्या भोकातून पडणाऱ्या पाण्याच्या धारेत प्रकाश सोडला आणि धार वाकली तसा प्रकाशही वाकताना लोकांना दाखवला. प्रयोग सुचवला होता फॅरडेने. टिंडलची वाटही सरळ नव्हती. तो आधी आयर्लंडच्या मोजणी खात्यात होता, मग रेल्वेच्या मोजणीवर, आणि वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी साठवलेल्या पैशांवर जर्मनीत डॉक्टरेट करायला गेला. शाळेत 'टिंडल परिणाम' शिकवताना हे सांगत नाहीत. सर्व्हेअरची नोकरी करणाऱ्या पोराला ते ऐकायला आवडलं असतं.

आता आपल्या वाटांकडे येऊ. इथे माझं आश्चर्य वेगळ्या प्रकारचं आहे.

भारत सरकारने अप्रेंटिस कायदा केला १२ डिसेंबर १९६१ रोजी. सिल्वासा देशात आलं त्याच वर्षी, चार महिन्यांनी. या कायद्याने शिकाऊ उमेदवाराचं किमान वय ठरवलं चौदा वर्षं. फॅरडे दुकानात लागला ते वय! (धोकादायक उद्योगांत आता अठरा, आणि ते योग्यच आहे.) ३० किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक आस्थापनेने मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घेतलेच पाहिजेत असा नियम आहे. म्हणजे भिंतीत दार कायद्यानेच पाडून ठेवलं आहे.

त्या दाराशी पोचायचं कसं? दहावीनंतर आयटीआय. फिटर आणि इलेक्ट्रिशियन सगळ्यांना माहीत असतात, दोन दोन वर्षांचे. रसायन उद्योगासाठी एओसीपी, आयएमसीपी, एलएसीपी अशा भारदस्त अक्षरांचे ट्रेड आहेत. सरळ बोलायचं तर पहिला संयंत्र चालवायला शिकवतो, दुसरा मोजमापाची उपकरणं दुरुस्त करायला, तिसरा प्रयोगशाळेत नमुने तपासायला. दुसऱ्यावर माझा जीव आहे. कुठल्याही कारखान्यात तापमान, दाब, प्रवाह दाखवणारी शेकडो उपकरणं असतात आणि ती खोटं बोलू लागली की सगळा कारखाना आंधळा होतो. त्यांना खरं बोलायला लावणारा माणूस म्हणजे इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक. त्याच्यावर सिनेमा निघत नाही आणि आत्या कौतुकाने त्याच्याबद्दल विचारत नाही.

आयटीआय झाल्यावर थेट डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. गुजरातेत याला 'सी टू डी' म्हणतात. सिल्वासाजवळ कराडला डॉ. बाबासाहेब आंबेडकर शासकीय तंत्रनिकेतन आहे (हे कराड साताऱ्याचं नव्हे, नावं अशी फिरत असतात). डिप्लोमानंतर पदवीच्या दुसऱ्या वर्षाला : तिकडे 'डी टू डी', आपल्याकडे 'डायरेक्ट सेकंड इयर'. आता बेरीज करा. दहावीनंतर आयटीआय दोन वर्षं, डिप्लोमा दोन, पदवी तीन : सात वर्षं. अकरावी-बारावी करून इंजिनिअर होणाऱ्याला लागतात दोन अधिक चार, सहा वर्षं. फरक एका वर्षाचा! आणि आयटीआयवाल्याच्या खिशात वाटेत दोन कागद पडलेले असतात, ज्यांतल्या कुठल्याही एकावर घर चालू शकतं. पुढे गेट देऊन एम.टेक.ला जा, तिथून पीएच.डी.ला. अनुसूचित जमातीच्या संशोधकांसाठी केंद्राच्या दरवर्षी ७५० फेलोशिप आहेत. वारली पाड्यावरून निघून आयटीआयच्या कार्यशाळेतून डॉक्टरेटपर्यंत जिना सलग आहे, मध्ये पायरी तुटलेली नाही.

हे मी पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा ओळखीच्या दहा-बारा जणांना विचारलं. शिकलेली माणसं, दोघे तर शिक्षक. आयटीआयवरून पदवीला जाता येतं हे त्यांतल्या तिघांनाच माहीत होतं. 'नीट'च्या क्लासचे फलक तालुक्याच्या प्रत्येक नाक्यावर दिसतात. 'सी टू डी'चा फलक मी अजून पाहिलेला नाही.

जिना सलग असला तरी गुळगुळीत आहे असं मी म्हणणार नाही. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात थेट उडी मारणाऱ्याला पहिल्या वर्षाचं गणित कुणी शिकवलेलंच नसतं आणि तिथे अनेकांचा पाय घसरतो. कंत्राटी कामगार म्हणून दहा-बारा तास उभं राहिल्यावर रात्री पुस्तक उघडणं कुणालाही जड जातं. गणिताचं भय मात्र फॅरडेच्या नावाने थोडं कमी करता येईल. त्याला गणित जवळजवळ येतच नव्हतं. चुंबकाभोवतीच्या ज्या रेषा त्याने मनाने पाहिल्या, त्यांची समीकरणं पुढे मॅक्सवेलने लिहिली.

बारावी विज्ञानवाल्यांच्या वाटा जास्त परिचयाच्या, म्हणून थोडक्यात. सायलीचं एसएसआर महाविद्यालय सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला जोडलेलं आहे, म्हणजे सिल्वासात बसून पुण्याची पदवी. दोकमर्डीला डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम शासकीय महाविद्यालय आहे. या प्रदेशाला वैद्यकीय महाविद्यालयच नव्हतं. ते २०१९ मध्ये १५० जागांनी सुरू झालं, आज त्याला नमो वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्था म्हणतात. मूलभूत विज्ञानाकडे जाणाऱ्यांसाठी केंद्राची इन्स्पायर शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ८०,००० रुपयांची. त्यातले २०,००० उन्हाळ्यात कुणा संशोधकाच्या हाताखाली काम करण्यासाठी दिलेले असतात. ही कल्पना मला फार आवडते. पैशांबरोबर उमेदवारीही दिली आहे. सहावीतच वाट बदलायची असेल तर सिल्वासात नवोदय विद्यालय आहे. नवोदयच्या एका इयत्तेत ८० जागा आणि त्यांतल्या किमान ७५ टक्के ग्रामीण मुलांसाठी. नवोदयची काही मुलं नववीत वर्षभरासाठी वेगळ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयला जातात. खानवेलच्या डोंगरातलं पोर असं कुठल्या कुठे वर्ष काढून येतं.

आता एक शेवटचं यंत्र दाखवतो, कारण हातातलं काम आणि डोक्यातलं विज्ञान यांची सांधेजोड मला सगळ्यात स्वच्छ तिथे दिसते. त्याचं नाव ओटीडीआर. जमिनीखाली कुठेतरी फायबर तुटली. खणायचं कुठे? तंत्रज्ञ केबलचं एक टोक या डब्याला जोडतो आणि बटण दाबतो. प्रकाशाचा एक ठिपका आत धावतो. काचेच्या कणाकणावरून त्याचा किंचित अंश मागे विखुरत येतो, आणि जिथे काच तुटली तिथपासून पुढे सगळं गप्प. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर. जाऊन-येऊन १०० मायक्रोसेकंद लागले तर तुटलेली जागा दहा किलोमीटरवर. पडद्यावर आकडा येतो आणि फावडी त्या जागी जातात. प्रकाश मागे विखुरण्याची ही क्रिया आणि आकाश निळं दिसण्याचं कारण एकच. टिंडलने त्यावर आयुष्यातली काही वर्षं घालवली, लॉर्ड रॅली यांनी त्याचं गणित मांडलं. आयटीआय झालेली मुलगी रस्त्याच्या कडेला उकिडवी बसून आकाशाच्या निळ्या रंगाने केबलमधली चीर शोधते! हे तिला कुणी सांगितलं असेल तर उत्तम. नसेल तर आपण सगळ्यांनी तिची फसवणूक केली आहे, असं माझं मत आहे.

फॅरडेच्या गोष्टीत मला सगळ्यात मोठा वाटतो तो तिकिटं देणारा गिऱ्हाईक. विल्यम डान्स त्याचं नाव. विज्ञानात त्याने काही केलं नाही. एका पोऱ्याला आत जाता येईल एवढं फक्त केलं. सिल्वासात दारं आहेत, जिना आहे, शिष्यवृत्त्या आहेत. मुलं मात्र कंपाउंडच्या भिंतीकडे बाहेरून पाहत मोठी होतात आणि आत काय आहे हे अठराव्या वर्षी पहिल्या पाळीला गेल्यावर कळतं, तेही 'हे बटण दाबायचं, ते दाबायचं नाही' एवढंच.

२८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन असतो आणि ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन. पहिला शाळा साजरा करतात, दुसरा कारखाने. शाळेत भाषण होतं, कारखान्यात बिल्ले वाटले जातात. मध्ये जेमतेम चार-पाच दिवसांचं अंतर. पिपरियाच्या, मसाटच्या, रखोलीच्या व्यवस्थापकांना माझी विनंती आहे : त्यांतला एक दिवस शेजारच्या शाळेला द्या. दहावीची मुलं परीक्षेत अडकलेली असतील, नववीचा वर्ग बोलवा. चाळीस मुलं, चाळीस हेल्मेटं, दोन तास. पाहुण्यांचं स्वागत, प्रास्ताविक, नारळ हे सगळं वगळा. येताना प्रत्येकाला हातभर दोरा आणायला सांगा, गेटवरच चिमटीत धरून चोळायला लावा. मग त्यांना चकत्यांपाशी न्या, आणि तिथे साहेबांनी बोलू नये. जो माणूस रोज ते यंत्र चालवतो, त्याला बोलू द्या.